मेडिकलच्या फळ्यांवर काय काय असतं?



आपल्या सोनारीत, परंड्याला, नाहीतर बार्शीला बाजाराच्या दिवशी कुठल्याही मेडिकलसमोर दोन मिनिटं उभं राहून बघा. बाई काउंटरवर येते आणि औषधाचं नाव सांगत नाही, दुखणं सांगते. "दादा, डोकं ठणकतंय." "पोरगं सकाळपासून चार वेळा परसाकडं गेलं." "सासूबाईंचे गुडघे धरलेत, मागच्या वेळी दिली होती ती द्या." दुकानातले दादा मागं वळतात, शेकडो खोक्यांतून नेमकं एक काढतात, कात्रीनं चार गोळ्या कापतात आणि पैसे सांगतात. सगळं मिनिटाच्या आत.

आपल्या बाजूनं बघितलं तर त्या सगळ्या गोळ्याच. कुणी पांढरी, कुणी गुलाबी. पण दादांच्या मागच्या फळ्यांवर जो माल असतो तो एका जातीचा नसतो. काही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायला कायद्यानंच बंदी आहे, काहींची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते, काही माल औषधासारखा दिसतो पण कागदोपत्री तो खाऊ आहे. हा फरक काउंटरच्या अलीकडं उभ्या असलेल्या बाईला कळला, तर पैसेही वाचतात आणि कधी कधी जीवही. म्हणून आज आपण मेडिकलच्या फळ्या एकेक करून बघणार आहोत.

आधी मोठी वाटणी समजून घेऊ. मेडिकलमध्ये चार प्रकारचा माल असतो. इंग्रजी औषधं, आयुर्वेदिक औषधं, खाण्यापिण्याचा माल, आणि साबण-पावडर-क्रीम यांसारखी प्रसाधनं. औषधं आणि प्रसाधनं १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात येतात. डब्यातली प्रोटीन पावडर, एनर्जीची पुडी, बऱ्याच कंपन्यांच्या कॅल्शियमच्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या हे सगळं २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात येतं. ओळखायचं कसं? खोक्यावर एफएसएसएआय असं लिहिलेलं आणि चौदा आकडी नंबर असला, तर तो खाण्याचा माल. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तोच शिक्का. तो वाईट असतो असं नाही. पण त्यानं आजार बरा होतो असं म्हणायची परवानगी त्या कंपनीला नाही, आणि औषधाची जी तपासणी होते ती त्याची होत नाही.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे ओआरएस. लेकराला जुलाब लागले की आपण मेडिकलमधून ओआरएस मागतो. खरं ओआरएस म्हणजे पावडरची पुडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार साडेवीस ग्रॅमची एक पुडी एक लिटर पाण्यात कालवायची, त्यात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. मीठ आणि साखर यांचं हे माप नेमकं असतं, म्हणूनच आतडं पाणी ओढून घेतं. पण कित्येक वर्षं दुकानातून कागदी खोक्यातलं, नळी लावून प्यायचं गोड सरबत ओआरएस या नावाखाली विकलं जायचं. त्यात साखर कितीतरी जास्त. जास्त साखरेनं जुलाब वाढतात, कमी होत नाहीत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या बाई आठ वर्षं याच्या मागं लागल्या होत्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं आदेश काढला की अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायचा नाही. एक डॉक्टर बाई आठ वर्षं भांडली तेव्हा कुठं एक शब्द खोक्यावरून उतरला. तरीही दुकानात मागताना "डब्ल्यूएचओची पावडरची पुडी द्या" असंच म्हणा. आणि हीच पुडी उपकेंद्रात, आशाताईंकडं फुकट मिळते. सोबत झिंकच्या गोळ्याही मिळतात, त्या चौदा दिवस द्यायच्या असतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस.

आता मुख्य फळी, इंग्रजी औषधांची.

बहुतेकींना वाटतं की काही गोळ्या चिठ्ठीच्या आणि काही बिनचिठ्ठीच्या अशा दोन याद्या सरकारनं केल्यात. तसं नाही. बिनचिठ्ठीची अशी वेगळी यादी आजवर आपल्या कायद्यात नव्हती. चिठ्ठीच्या याद्या आहेत, त्यांना शेड्यूल म्हणतात, आणि ज्या त्यांत बसत नाहीत त्या उरलेल्या. शेड्यूल एच ही मोठी यादी. त्यातल्या औषधाच्या स्ट्रिपवर वरच्या डाव्या कोपऱ्यात इंग्रजी आर आणि एक्स ही अक्षरं जोडून लिहिलेली असतात. बऱ्याच स्ट्रिपांवर कडेनं उभी लाल रेघही असते. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं या लाल रेघेची जाहिरातच केली होती, लाल रेघ दिसली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून. अक्षरं वाचता येत नसली तरी रेघ दिसते. घरातल्या गोळ्यांच्या डब्यात आजच बघा, किती रेघा निघतात.

मग येतं शेड्यूल एच-१. हे १ मार्च २०१४ पासून लागू झालं. यात सुरुवातीला ४६ औषधं घातली. त्यांत जोरकस अँटिबायोटिक आहेत, टीबीची औषधं आहेत, आणि सवय लावणाऱ्या काही गोळ्या आहेत. सेफिक्झिम आणि लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, झोपेसाठी दिलं जाणारं अल्प्राझोलाम, ही सगळी यातलीच. या स्ट्रिपवर आर-एक्स ही अक्षरं लाल असतात आणि इशारा लाल चौकटीत असतो. हे औषध देताना दुकानदारानं डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायचं असतं. म्हणजे दादांनी तुमचं नाव विचारलं तर राग मानू नका. नाव न विचारता लाल चौकटीची स्ट्रिप हातात पडली, तर मात्र आपणच थबकावं.

त्याच्याही पुढं शेड्यूल एक्स आहे, अगदी थोडी औषधं, कुलपात ठेवायची. ती गावच्या दुकानात बहुधा नसतातच, म्हणून तिथं थांबायला नको.

हे शेड्यूल कशासाठी, हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. पाच दिवसांचा कोर्स लिहिलेला असताना दोन गोळ्या घेऊन ताप उतरला आणि उरलेल्या डब्यात ठेवल्या, हे आपल्याकडं घरोघर होतं. दोन गोळ्यांत कमजोर जंतू मरतात, चिवट जंतू उरतात. पुढच्या वेळी तीच गोळी त्यांच्यावर चालत नाही. मग डॉक्टर वरची गोळी लिहितात, ती महाग असते. तीही चालली नाही की सलाइनमधून इंजेक्शन. आणि हे चिवट जंतू फक्त गोळी घेणाऱ्याच्या अंगात राहत नाहीत, घरात, शेजारी, दवाखान्यात फिरतात. सर्दी-पडसं तर विषाणूनं होतं, त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. तरी "दादा, दोन अँटिबायोटिक घाला त्यात" असं आपण स्वतःहून म्हणतो! इथं दुकानदाराला एकट्याला बोल लावून चालणार नाही.

उरलेल्या, म्हणजे साध्या समजल्या जाणाऱ्या औषधांकडं येऊ. पॅरासिटामॉल, पित्ताच्या गोळ्या, बाम, खोकल्याची औषधं. अगदी छोट्या गावांना, एक हजाराच्या आत लोकवस्ती असलेल्या, कायद्यानं एक सवलत दिलेली आहे. तिथं किराणा दुकानातही परवान्याशिवाय पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर, एरंडेल, टिंक्चर असा थोडा माल ठेवता येतो. वाडीवस्तीवरच्या बायकांना रात्री तापाची गोळी मिळावी म्हणून. त्याच्या पलीकडचं, इंजेक्शन किंवा अँटिबायोटिक, किराणा दुकानात दिसलं तर ते बेकायदा.

साध्या औषधातही एक गोम आहे. सर्दीची म्हणून जी गोळी मिळते तिच्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांतही असतं. ताप आहे म्हणून तापाची एक, सर्दी आहे म्हणून सर्दीची एक, अंग दुखतंय म्हणून तिसरी, असं घेतलं की तीन वेगळी नावं पोटात गेली पण औषध एकच, तिप्पट. मोठ्या माणसाला दिवसभरात चार ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये, म्हणजे ६५० ची गोळी सहापेक्षा जास्त नाही. अंगानं बारीक बाई असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा दारू पिणारा माणूस असेल तर याहून कमी. जास्त झालं तर लिव्हर खराब होतं, आणि ते पहिल्या दिवशी कळत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर दहा वेळा विचारा. निमेसुलाइड हे तापाचं औषध बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. सर्दीवरची क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाहीत, असं बाटलीवर छापायचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात काय झालं ते तुम्ही ऐकलं असेल. खोकल्याच्या एका औषधात डायइथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं, वीसपेक्षा जास्त लेकरं किडन्या बंद पडून गेली. कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं पुन्हा सांगितलं, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत, पाच वर्षांखालीही सहसा नकोत. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून गेलं होतं आणि चौदा रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग त्यावरच बसला होता. चाळीस वर्षांनी तेच विष पुन्हा बाटलीत सापडतं, यावर आम्ही काय बोलणार. आई म्हणून आपल्या हातात एवढंच आहे की तान्ह्याला खोकला झाला म्हणून स्वतःच्या मनानं बाटली आणायची नाही.

क्रीमच्या फळीवर बायकांची सगळ्यात जास्त फसगत होते. वांग आलेत, रंग उजळायचाय, मांडीला नायटा झालाय, की ट्यूब मागवली जाते. त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल ही त्यांची नावं, ट्यूबवर बारीक अक्षरात असतात. नायट्याला लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून वाटतं औषध लागू पडलं. पण स्टेरॉइड बुरशी मारत नाही, बुरशीशी लढणारी आपल्या कातडीची ताकद तेवढी मारतं. नायटा आत पसरत राहतो आणि मग घरातल्या सगळ्यांना होतो. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ येतं, केस येतात, आणि बंद केलं की चेहरा जास्तच बिघडतो, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. २०१८ मध्ये सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीच्या यादीत घातली. पण ट्यूब दिसते साध्या क्रीमसारखी, स्नो-पावडरच्या शेजारीच ठेवलेली असते, आणि नणंदेनं वापरलेली म्हणून आपणही मागतो.

गुडघेदुखीच्या पुडीचंही तसंच. नाव नसलेल्या, स्ट्रिपमधून काढून कागदात बांधलेल्या तीन रंगांच्या गोळ्या कुणी दिल्या आणि सासूबाई दुसऱ्या दिवशी टणाटण चालायला लागल्या, तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं. आणि बरेच महिने घेतल्यावर एकदम बंद केलं तर आणखी धोका. म्हणून अशी पुडी चालू असेल तर ती फेकून न देता सरकारी डॉक्टरांना नेऊन दाखवा.

आयुर्वेदिक फळीबद्दल थोडक्यात सांगतो. ही औषधं विकायला वेगळा परवाना लागत नाही, बनवायला मात्र लागतो. म्हणून डब्यावर उत्पादन परवान्याचा नंबर आहे का ते बघायचं. भस्म आणि रसाची औषधं वैद्याच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाहीत. आणि शुगर मुळापासून घालवतो, हमखास मूल होतं, अशी जाहिरात करणं १९५४ च्या जादूटोणा-छापाच्या औषधी जाहिरातींविरुद्धच्या कायद्यानं गुन्हा आहे. ज्या डब्यावर हे लिहिलंय तो डबा त्याच कारणासाठी परत ठेवावा.

आता पैशाचं बोलू, कारण शुगर-बीपीच्या गोळ्या दर महिन्याला घ्याव्या लागणाऱ्या घरात हाच खरा प्रश्न असतो.

एकच औषध पन्नास कंपन्या पन्नास नावांनी काढतात. दुकानात कुठलं नाव ठेवायचं हे दुकानदार एकटा ठरवत नाही. जवळच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत जे नाव येतं ते ठेवावंच लागतं, नाहीतर गिऱ्हाईक जातं. मग होलसेलवाला जे देईल ते, हंगामाप्रमाणे जे खपेल ते, आणि ज्यात चार पैसे जास्त सुटतात ते. पावसाळा लागला की ताप-जुलाबाचा माल वाढतो, शुगर-बीपीच्या गोळ्या बारा महिने सारख्याच. जे औषध गावात एखाद्याच पेशंटला लागतं, ते ठेवून मुदत संपली तर नुकसान, म्हणून छोटा दुकानदार ते ठेवत नाही. फिटच्या किंवा थायरॉइडच्या गोळीला "संपलंय" असं उत्तर मिळतं ते यामुळं. अशी रोजची गोळी असेल तर आठ दिवसांची शिल्लक असतानाच दादांना नाव लिहून द्या. ते मागवून ठेवतात, त्यांनाही बांधलेलं गिऱ्हाईक हवंच असतं.

पन्नास नावांतून आपलं औषध ओळखायचं तर कंपनीचं नाव सोडून औषधाचं मूळ नाव बघायचं. सप्टेंबर २०१८ पासून नियम असा आहे की मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचं. तीन किंवा जास्त औषधांचं मिश्रण असेल तर तेवढी सूट आहे. म्हणजे स्ट्रिपवरचं मोठं नाव वाचायचं, मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन असं काही, आणि पुढचा आकडा, ५०० की १०००, ५ की १०. हे मूळ नाव आणि आकडा एका वहीत लिहून घरात ठेवा. मुलीकडून, नातवाकडून लिहून घ्या. हीच वही घेऊन जनऔषधी केंद्रात गेलात तर तेच औषध निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतं. ही योजना २००८ मध्ये सुरू झाली, आता देशात दहा हजारांहून जास्त केंद्रं आहेत. पण त्यातही एक बघा. ‘जेनेरिक’ म्हणून साध्या मेडिकलमध्ये जे मिळतं त्याच्यावरची छापील किंमत ब्रँडच्या जवळपास असू शकते, दुकानदाराला मात्र ते फार स्वस्तात पडलेलं असतं. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, तेवढीच घ्यायची असं कुठंही नाही. महिन्याचा माल एकदम घेत असाल तर कमी करून मागायला लाजू नका. भाजीला आपण घासाघीस करतोच की.

आणि विकत घ्यायच्या आधी फुकटाचं बघा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. गरोदर बाईच्या लोहाच्या लाल गोळ्या, रोज एक अशा १८० दिवसांच्या, अंगणवाडी आणि उपकेंद्रातून मिळतात. त्यांत ६० मिलीग्रॅम लोह असतं. दुकानातल्या लाल सरबतासारख्या महागड्या टॉनिकच्या बाटलीत किती लोह आहे ते मागं वाचून बघा, पुष्कळदा याच्याहून कमी निघतं. गोळीनं शी काळी होते, मळमळतं, ते खरं आहे. जेवणानंतर तासाभरानं घ्या, चहाबरोबर घेऊ नका.

फ्रिजमधला माल ही वेगळीच फळी. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. चैत्र-वैशाखात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, त्यात लाइट गेलेली. दुकानातून घेताना बाटली हाताला गार लागते का बघा, दुकानात इन्व्हर्टर आहे का विचारा. परंड्याहून आणताना थर्मासमध्ये किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात आणा, पण बर्फाला चिकटवू नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. घरात फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात, ओल्या वाळूवर ठेवलेल्या वाटीत, सावलीला. वापरात घेतलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवायची.

आता जे काउंटरवर मोठ्यानं मागता येत नाही ते.

पॅडपासून सुरुवात करू. २०१८ पासून पॅडवर जीएसटी नाही, आणि जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक आहे. काळी पिशवी मागायची गरज नाही. संततिनियमनाची माला-एन गोळी आणि आठवड्याची ‘छाया’ गोळी उपकेंद्रात फुकट आहे. ‘छाया’ लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झाली, तिच्यात हार्मोन नाही. संबंधानंतरची ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, पण ती अडचणीच्या वेळेपुरती आहे, दर महिन्याची सोय नव्हे. गर्भपाताच्या गोळ्यांचं सगळ्यांत वेगळं. त्या चिठ्ठीच्याच, आणि आपल्या राज्यात तपासणीच्या धाकानं बरेच दुकानदार त्या ठेवतच नाहीत. कुणी गुपचूप जास्त पैसे घेऊन देत असेल तर त्यावर विश्वास टाकू नका. गर्भ नळीत राहिलेला असला तर अशा गोळीनं काम होत नाही आणि बाईच्या जिवावर बेततं. गर्भपात आपल्या देशात १९७१ पासून कायदेशीर आहे, सरकारी रुग्णालयात होतो, आणि नाव गुप्त ठेवायचं बंधन डॉक्टरांवर आहे.

आणि पाळी पुढं ढकलायची गोळी. चैत्रात भैरवनाथाची यात्रा आली, श्रावण आला, घरात लग्न निघालं की ही गोळी जोरात खपते. मूळ नाव नॉरएथिस्टेरॉन. ही हार्मोनची गोळी आहे, स्ट्रिपवर आर-एक्स असतो, तरी जाऊ-जावा एकमेकींना देतात. एखाद्या वेळी, डॉक्टरांना विचारून घेतली तर बहुतेकींना त्रास होत नाही. पण पायाच्या शिरेत गाठ झाली असेल, अर्धशिशीचा जोरदार त्रास असेल, कावीळ होऊन गेली असेल, बीपी असेल, किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर ही गोळी घ्यायची नाही. पोटरी दुखून सुजली, छातीत दुखलं, दम लागला तर लगेच दवाखाना. दर सणाला घेत राहिलं की पाळीचं चक्र विस्कटतं. पाळीत देवळात जायचं की नाही हा जिच्या तिच्या श्रद्धेचा प्रश्न, आम्ही त्यात पडत नाही. मात्र नऊ-दहावीच्या पोरींना आयाच ही गोळी आणून देतात, ते आम्हाला पटत नाही.

निघताना दोन गोष्टी काउंटरवरच करायच्या. कात्रीनं स्ट्रिप कापताना मुदतीची तारीख ज्या बाजूला छापली आहे ती बाजू पुष्कळदा दुकानात राहते. दादांना सांगा, तारखेची बाजू शेवटी कापा, नाहीतर तारीख आणि बॅच नंबर पुडीवर लिहून द्या. आणि बिल मागा. बिलावर बॅच नंबर असतो. औषध खराब निघालं, भलतंच दिलं गेलं, तर त्या नंबराशिवाय काहीच शोधता येत नाही. मेडिकलमध्ये नोंदणी झालेला फार्मासिस्ट हजर असणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि त्याचं नाव दुकानात लावलेलं असतं. औषध कसं घ्यायचं हे समजून सांगणं त्याच्या कामातच येतं, त्यामुळं जेवणाआधी की नंतर, किती दिवस, दुसऱ्या कुठल्या गोळीबरोबर चालेल का, हे तिथंच विचारा. तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा महाराष्ट्रासाठीचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५ आहे. फोन करताना बिल, उरलेल्या गोळ्या आणि स्ट्रिपचा तुकडा समोर ठेवा, ते पहिल्यांदा बॅच नंबरच विचारतात.